भैय्याजी गुरुजींचा फॉन्ट

"फळ्यावर उतरलं, तं पोराच्या डोक्यात उतरलं." भैय्याजी गुरुजींचं हे वाक्य आमच्या गावात कोणाला पाठ नव्हतं? लग्नाच्या पंगतीत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, केळझरच्या गणपतीला जाताना बसमध्ये, कुठेही शाळेचा विषय निघाला की ते हे बोलत, आणि बोलताना उजव्या हाताचं बोट हवेत असं फिरवीत की जणू त्या बोटातच खडू आहे.

खोटं कशाला सांगू, खडू त्यांच्या हातात शोभायचाच. नव्वद सालानंतर कधीतरी ते आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, तेव्हा फळा पांढरा पडला होता. त्यांनी कोळशाची पूड आणि पानांचा रस घोटून तो स्वतः काळा केला, आणि त्यावर वर्धा जिल्ह्याचा नकाशा एका दमात काढला. पट्टी नाही, पुस्तक नाही. वर्धा नदी कडेकडेने उतरत आली, धाम नदी जिल्ह्याच्या मधून वाहत पवनारपाशी पोचली, आणि आम्ही गावकरी खिडकीत उभे राहून नदी वाहताना पाहावी तसा तो खडू पाहत राहिलो.

आसपासच्या शाळांचे शिक्षक वर्षातून एकदा केंद्रशाळेत जमत. एक शिक्षक पोरांना शिकवी, बाकीचे मागे बसून बघत. त्याला आदर्श पाठ म्हणत, आणि तो मान दरवर्षी भैय्याजींचा असे. इतकी वर्षं मिळालेला मान माणसाला अंगावरच्या सदऱ्यासारखा आपला वाटू लागतो. त्यांनाही वाटू लागला.

मग दोन हजार सहाच्या सुमारास वर्षाली मॅडम आल्या. वर्ध्याच्या, नव्यानेच शिक्षणसेविका झालेल्या. एका सोमवारी त्यांनी पिशवीतून एक रंगीत कागद काढला. इंटरनेटवर आकाशातून घेतलेली पृथ्वीची चित्रं फुकट बघायला मिळतात, त्यातलं आमच्या गावाचं चित्र त्यांनी छापून आणलं होतं. नखाएवढा तलाव, दोऱ्यासारखा रस्ता. पोरांची झुंबड उडाली. चौथीतली मयुरी ओरडली, "गुरुजी, तुमच्या नकाशात आपलं गावच नव्हतं!"

भैय्याजी हसले. पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही.

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. मॅडमनी संगणकावर शब्दकोडी बनवली की ते म्हणत, "आमच्या टायमाले पोरं स्वतः कोडी बनवत." मॅडमनी गणिताच्या फुकट खेळांची नावं वहीत उतरवून घ्यायला सांगितली की म्हणत, "खेळच खेळाचे असन तं शाळा कायले पाह्यजे?" शाळेत खिचडी शिजवणारी रुख्माबाई एक दिवस पळी हातात धरून म्हणाली, "गुरुजी, त्या पोरीचं नाव घेतल्याबिगर तुमच्या घशाखाली घास उतरत नाई काय जी?"

"मी कायले तिचं नाव घेऊ?"

"आता घेतलं नाई तुमी. तं खिचडी बी घशातच थांबली."

आणि खरं सांगायचं तर गुरुजी दर रविवारी बाजाराचं निमित्त करून वर्ध्याला जात, ते सरळ भूपेंद्रच्या सायबर कॅफेत. भूपेंद्र किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, बोलण्यात अर्धी हिंदी. सुरुवातीला माऊस टेबलाच्या कडेपर्यंत गेला की गुरुजी खुर्चीसकट सरकत. भूपेंद्र म्हणे, "गुरुजी, उसको उचला ना, आणि परत मधात ठेवा. तुमी कायले सरकून राह्यले?" गुरुजी शिकले. दर दोन ओळींनी सेव्ह करायचं, फुकटचा ईमेल उघडायचा, चित्र उतरवून घ्यायचं, सारं शिकले. द्वेषाने शिकलेला माणूस फार लवकर शिकतो.

एकदा त्यांनी मराठीत टाइप केलेला अर्ज सेलूच्या संगणकाच्या दुकानात उघडला, तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, ठिपके, स्वल्पविराम. पुढच्या रविवारी ते भूपेंद्रकडे गेले ते रडवेल्या चेहऱ्यानेच.

"अर्ज गेला नाई गुरुजी," भूपेंद्र हसला. "फॉन्ट नाई त्या कॉम्प्युटरमधी. ज्या अक्षरात लिवलं ते अक्षर सोबत न्या लागते. आता युनिकोड म्हणून नवीन निघालं, त्यात ही भानगडच नाई. पण जुनं वापरसान, तं फॉन्ट फ्लॉपीत ठेवजा."

गुरुजींनी फॉन्ट फ्लॉपीत ठेवला. फ्लॉपी खिशात ठेवली.

त्या वर्षी केंद्रप्रमुख बबनरावांनी जाहीर केलं, की केंद्रशाळेत संगणक आला आहे, तेव्हा आदर्श पाठ त्यावरच होईल, आणि तो वर्षाली मॅडम घेतील. भैय्याजी तिथेच बसले होते. त्यांनी टाळी वाजवली. एकच.

मग त्यांनी गुपचूप आपलाही पाठ तयार केला. धाम नदीवर, चित्रांसह. तो त्याच फ्लॉपीत घातला. मनात हिशेब सरळ होता: ऐन वेळी त्या पोरीचं बिघडलं, तर बबनराव मागे वळून आपल्याकडेच बघणार.

पाठाच्या दिवशी आमची पोरं केंद्रशाळेत गेली, सोबत खिचडीचं भांडं घेऊन रुख्माबाईही गेली. संगणकावरची शाल काढली, हार घातला, नारळ फुटला. पायऱ्यांवर गुरुजींनी मॅडमना विचारलं, "पाठ टाइप कुठं केला, मॅडम?"

"वर्ध्याला, भूपेंद्रच्या कॅफेत, गुरुजी. सीडीत आणला."

"अस्सं." पुढचा प्रश्न त्यांच्या जिभेच्या टोकावर होता. तो त्यांनी गिळला, आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

सीडी उघडली. चित्रं आली. आणि जिथे मराठी असायला हवं होतं, तिथे कंस, ठिपके, स्वल्पविराम. पोरं खुदकली. मॅडमचा चेहरा उतरला. भैय्याजींचा हात खिशावर गेला. आता बबनराव वळतील.

बबनराव वळले, पण मॅडमकडे. "काही चुकलं नाई मॅडम तुमचं. हा डबाच खराब हाय." कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची दिली. दोन शिक्षिका पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "किती मेहनत घेतली बिचारीनं!" बबनराव म्हणाले, "मेहनतीसाठी टाळ्या व्हाव्या!" आणि टाळ्यांचा असा पाऊस पडला, की भैय्याजींच्या चांगल्या पाठालाही तेवढा कधी मिळाला नव्हता. बिघडलं तरी कौतुक तिचंच!

ते त्यांना सोसवलं नाही. ते ताडकन उठले.

"चुकलं कसं नाई? फॉन्ट आणला नाई मॅडमनं! डब्याले कायले बोल लावता?"

बबनराव म्हणाले, "अरे वा गुरुजी, तुमाले हे बी समजते? मंग तुमच्यापाशी हाय काय थो फॉन्ट?"

नाही म्हणावं, तर ऐकीव बोलले असं ठरणार. हो म्हणावं, तर पाठ तिचा होणार. भैय्याजींनी छतावरच्या पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग त्यांचा अभिमान त्यांच्या द्वेषाच्या पुढे चालून गेला. "हाय ना. काऊन नसन?" म्हणत त्यांनी फ्लॉपी काढली. "कंट्रोल पॅनलमधी फॉन्टचा कप्पा हाय, त्यात टाका."

मॅडमनी फ्लॉपी उघडली. फॉन्टच्या शेजारी दुसरी एक फाइल होती. तिचं नाव वाचून त्या म्हणाल्या, "गुरुजी, यात धाम नदीचा पाठ आहे. तुम्ही केलाय? आधी तुमचा लावू?"

मागच्या रांगेतल्या माना पुढे झाल्या. हवा होता तो क्षण समोर उभा होता, पण तो तिच्या हातून मिळत होता. तिने दिलेला.

"थो असाच हाय. कच्चा," गुरुजी म्हणाले. "तुमचा लावा. पोरं ताटकळून राह्यले."

पडद्यावरची कंस-ठिपक्यांची ओळ एकाएकी मराठी झाली, आणि पोरांनी एका सुरात वाचायला सुरुवात केली. त्या आवाजात गुरुजी बाहेर पडले. फ्लॉपी मागायला ते थांबले नाहीत.

व्हरांड्यात रुख्माबाई भांड्यावरचं झाकण पुसत होती. "गुरुजी, जेवून तं जा!"

"भूक नाई," ते म्हणाले, आणि चपला पायात अडकवून कपाशीच्या शेताकडेच्या पांदणीच्या वाटेला लागले. आत टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांची पावलं जराशी अडली, मग पहिल्यापेक्षा भरभर पडू लागली. रुख्माबाई झाकण हातात धरून उभी होती. पांदण वळेपर्यंत ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आतून तिला कोणीतरी वाढायला बोलावलं, तरी ती लगेच गेली नाही.