केळीच्या चिकाची बोटं

जळगावच्या त्या मोबाइल सर्व्हिस सेंटरमधल्या, काउंटरवरच्या टायवाल्यावरचा राग अजून गेलेला नाही. रांगेत माझ्यापुढे धरणगावकडचे एक आबा होते. केळीच्या चिकानं बोटं काळी पडलेली. आठवड्यापूर्वी घेतलेला फोन त्यांच्या बोटाचा ठसा घेतच नव्हता. दर वेळी ते बोट रुमालाला पुसत, त्यावर फुंकर मारत आणि देवाला गंध लावावं तसं हळूच टेकवत.

टायवाल्यानं फोन हातातही घेतला नाही. “आबा, फोन चांगलाय. तुमची बोटंच खराब आहेत.”

मी हसलो. आबांनी बोटं मुठीत लपवली, तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. त्यांचा फोन घेऊन मी माझं बोट चार वेळा लावलं. नोंद होईना.

“आता माझंही बोट खराब का?” मी ओरडलो.

“सेन्सर गेलाय, सर. बदलून देतो,” तो लगेच म्हणाला.

आबांनी मूठ उघडून हात काउंटरवर ठेवला. “भाऊ, आते सांगा, मनं बोट खोटं शे का?”

आपलं बोट खोटं आहे का, हे विचारताना ते त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मघाशी मी हसलेलं त्यांनी पाहिलं होतं.