आंबट मागणारी सून

आंबट हा शब्द आपण सरळ क्वचितच वापरतो. कुणी तोंड आंबट करतं, बायकांकडं टक लावून बघणारा आंबटशौकीन असतो आणि हाती न लागलेली द्राक्षं तर आंबट असतातच. पण घरातल्या सुनेनं आंबट मागितलं की अख्ख्या गल्लीला एकच अर्थ कळतो. मला मात्र लहानपणापासून आंबट नुसतंच आवडायचं. गंगापूरला असताना चिंचा खायचे आणि वर आईचा मारही.

लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले आणि जीभ आवरली. चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सासूबाई वाईट नव्हत्या, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं. त्या नुसत्या माझ्या ताटाकडं बघायच्या. मग मी लोणच्याची फोडसुद्धा अर्धीच घ्यायचे.

एका चैत्रात पाळी बारा दिवस लांबली. मी कुणाला बोलले नाही. त्या शुक्रवारी शेजारच्या खालांनी खिचडी आणि चिंचेचा खट्टा दिला, वर तीळ, कच्चा कांदा. मी वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि भिंतीपलीकडं हात करून आणखी मागितला. या वेळी मला तो हक्काचा वाटला, ही माझीच चूक.

"ले बेटा, अब तो दो जनों का खाना है," खाला हसल्या.

सासूबाईंनी ऐकलं. त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि एसटीनं गंगापूरला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाजवळ माझ्या आईला निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी बाजूला बसले. मागच्या दारी वेगळी चटई, वेगळा तांब्या. आमच्याकडं तेव्हा हे कडक होतं. दहाच्या सुमाराला आई आली. पिशवीत हिरवा खण, नारळ, कैऱ्या. "कुठाय माझी लेक?" म्हणत ती मागं आली आणि मला चटईवर बघून जागीच थांबली. सांगावं काही लागलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई आत घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या. आई चार हात लांब बसली, शिवता येत नव्हतं ना. पिशवी मांडीवर ओढून म्हणाली, "मंग मागून खाल्लंस कशापायी गं?"

"आवडतं म्हणून."

"एवढं कळू नाय तुला? त्या माउलीला उगं आशेला लावलंस."

मलाही आशा लागली होती, हे तिला सुचलंच नाही. दुपारच्या जीपनं ती परत गेली. कैऱ्या ठेवल्या, खण नेला.

मला मूल झालं नाही. तो खण पुढं माझ्या धाकट्या बहिणीच्या ओटीत पडला. त्या दिवशी मला बोलावणं नव्हतं.