केआय-६७, एक टक्का

बीडच्या एका सर्जनचा फोन आला. त्यांच्या पेशंट मंदाबाई, आष्टी तालुक्यातल्या ऊसतोड कामगार, रेडिएशन न घेताच कारखान्यावर निघाल्या होत्या. टोळीचा ट्रक परवा सुटणार होता. रेडिएशन टाळण्याचं कारण माझा रिपोर्ट.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. केमोथेरपीनंतर काढलेली त्यांच्या स्तनातली गाठ मीच तपासली होती. कॅन्सरच्या पेशी शिल्लक आहेत, असं स्पष्ट लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: केआय-६७, एक टक्का. उरलेल्या शंभर पेशींपैकी साधारण एक पेशी विभाजनाच्या मार्गावर आहे, एवढाच तिचा अर्थ. मंदाबाईंचे पती रावसाहेब यांनी ती मोबाइलवर वाचली आणि नव्याण्णव टक्के आजार गेला असं धरलं.

पेशंट सहसा आमच्यापर्यंत येत नाहीत. या दोघांना मी बोलावून घेतलं. मंदाबाईंना मायक्रोस्कोपसमोर बसवून फुगलेल्या, पसरट पेशी दाखवल्या. केमोच्या माऱ्याने काही पेशी मरतात, काही अशा होतात. त्यांना सेनेसंट म्हणतात. नुसत्या दिसण्यावरून खात्री देता येत नाही, पण लक्षणं तीच होती.

"मेल्यात का ह्या?"

"नाही. वाढायच्या थांबल्यात."

"वाढंनात, मरंनात. मग करत्यात काय बसून?"

संशोधकही हेच विचारतात. मी सांगितलं, या पेशी आजूबाजूला रसायनं सोडत राहतात. त्यामुळे कधी शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते, तर कधी शेजारच्या कॅन्सर पेशींना बळ मिळतं. काही पेशी पुन्हा वाढूही लागतात. गाठीतल्या पेशी गाठीबरोबर निघून गेल्या. अंगात कुठे राहिल्यात का, ते या काचेवर दिसत नाही, म्हणूनच रेडिएशन.

"म्हंजी सवता कोयता खाली ठिवायचा अन् फडात बसून दुसऱ्याला चिथवायचं. असलं एक आमच्या टोळीत बी हाय."

"माझ्याकडं कावून बघतीस?" रावसाहेब म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, "पट्टा पडल्यावर घेतलं तर?" पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं.

तोवर फार उशीर होईल, असं मी सांगितलं. मंदाबाई उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या,

"तुमी जावा. मी न्हाई येत."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब असतो. रावसाहेब त्या वर्षी अर्ध्या कोयत्यावर गेले. मंदाबाईंनी रेडिएशन पूर्ण केलं. शेवटच्या तपासणीपर्यंत आजार परतलेला नाही. रेडिएशन घेतलं नसतं तर परतला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता माझ्या प्रत्येक रिपोर्टात त्या आकड्याखाली एक मराठी ओळ असते: यावरून किती आजार उरला ते कळत नाही. रिपोर्ट आम्ही डॉक्टरांसाठी लिहितो. तो आधी घरचे वाचतात.