मोटारीची काच आणि बैलाची झूल

मुर्तिजापूर मागे टाकून आम्ही चारपाच मैल आलो असू. अकोल्याच्या कोर्टातील काम आटोपून मी माझ्या जुन्या मोटारीतून अमरावतीला परतत होतो आणि शेजारी माझे मुनशी बसले होते. पुढे गिट्टीने भरलेला एक ट्रक होता. त्याच्या मागच्या चाकाखालून एक दगड उडाला आणि आमच्या समोरच्या काचेवर आदळला. क्षणभर काहीच झाले नाही. मग सगळी काच दुधासारखी पांढरी झाली आणि पाहता पाहता तिचे खडीसाखरेएवढे असंख्य तुकडे आमच्या मांडीवर कोसळले. फुटली तरी कापत नाही, अशा जातीची ती काच होती.

मुनशींनी एक तुकडा उचलून उन्हात धरला. "काईबी म्हना सायेब, फुटली पन सोभून राह्यली!"

"एकही तुकडा टाकू नका," मी म्हणालो. "हा पुरावा आहे."

मोटारीचा विमा उतरवलेला होता आणि त्याच्या अटी मी वाचलेल्या होत्या. अटी वाचून विमा उतरवणारा माणूस कंपन्यांना आवडत नाही, हे मला पुढे कळले. मुनशींनी आपल्या दुपट्ट्यात सगळे तुकडे गोळा केले. मी मात्र अमरावतीपर्यंत समोरचा वारा आणि त्यातले किडे डोळ्यांत घेत गाडी चालवली.

घरी पोहोचताच मी ते तुकडे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरले, झाकणावर कागद चिकटवला, त्यावर घटनेचे स्थळ लिहून साक्षीदार म्हणून मुनशींची सही घेतली आणि वर लाखेची मोहोर केली. काच आधीच तडकलेली होती, असे कंपनी म्हणणार, ही माझी शंका होती. ती पहिल्याच उत्तरात खरी ठरली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत कंपनीच्या अकोल्याच्या शाखेला मी अकरा पत्रे लिहिली. काच फुटली तेव्हा गाडी चालू होती की उभी, असे त्यांनी विचारले. उभ्या गाडीवर दगड आपण होऊन धावून आला नव्हता, असे मी कळवले. दगड कोणाच्या मालकीचा होता, असे त्यांनी विचारले. दगडाने मला आपली कागदपत्रे दाखवली नाहीत, असे मी कळवले. प्रत्येक पत्राचा शेवट मात्र मी एकाच वाक्याने करत असे: काचेचे सर्व अवशेष मोहोरबंद स्थितीत माझ्या ताब्यात असून मागणी होताच सादर केले जातील.

अखेर मागणी झाली. कंपनीचा सर्व्हेअर अमुक दिवशी दुपारी चार वाजता येईल, मोटार पाहील आणि अवशेष ताब्यात घेईल. अवशेष न मिळाल्यास दाव्याचा विचार होणार नाही. या अटीत मला काही खोट काढता आली नाही. नुकसान भरून दिल्यावर मोडकी वस्तू कंपनीची होते, हे मला मान्यच होते. नवी काच मुंबईहून मागवावी लागणार होती, आणि कंपनीच्या मंजुरीवाचून ते मला परवडणारे नव्हते. तोवर मोटार अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि अकोल्याच्या तारखांना मी आगगाडीने जात होतो.

सर्व्हेअर येणार तो दिवस पोळ्याचा दुसरा दिवस होता. आमच्या वऱ्हाडात त्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून मैदानात रांगेने उभे करतात आणि मग ते घरोघर नेतात. ज्याच्या दारी बैल येईल त्याने मुलाच्या हातावर काहीतरी ठेवायचे. त्याला बोजारा म्हणतात.

माझ्या मुलीला तेव्हा नववे वर्ष चालू होते. तिचा बैल मूळचा माझा. त्याचे एक शिंग मीच लहानपणी तोडले होते. आदल्या वर्षी ती तो घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा शेजारच्या उंच, रंगवलेल्या बैलांच्या मालकांपैकी कोणीतरी तिला म्हणाले होते, "हा बैल हाय का बकरी वं?" ती रांग सोडून घरी आली होती आणि त्याविषयी पुन्हा एक शब्द बोलली नव्हती. मी ते विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मी डबा तपासायला काढला. मोहोर जागेवर होती, पण कागदाखाली लाखेऐवजी कणकेच्या खळीचा वास येत होता. मी झाकण उघडले. आत ज्वारी होती.

माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असावा. मुलगी आतून आली ती बैलच घेऊन आली. माझ्या कचेरीतल्या दप्तराच्या लाल कापडाची झूल त्याच्या पाठीवर होती आणि त्या झुलीवर, गळ्यावर, मोडक्या शिंगाच्या बुंध्यापर्यंत माझा पुरावा सरसाने चिकटवलेला होता. सकाळचे ऊन दारातून येत होते. मी रागावलेला होतो, तरी ते मला दिसले.

"डब्यात ज्वारी कोणी भरली?" मी विचारले.

"मीच. डबा हालोला का रिकामा वाजला असता."

"आणि तो पुरावा होता, हे तुला ठाऊक नव्हते?"

"तुमीच म्हनले होते ना बाबा, एकबी तुकडा टाकाचा नाई. एकबी टाकला नाई. मोजून घ्या."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "अवो, लेकराले बोलाच्या आदी मुनशीजीले इचारा, लाल कापड कोनं देल्लं थे!"

मुनशी दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढून डोके खाजवले. "जुनंच कापड होतं जी. अन् सरस म्हनान तं, थो सुताराघरून आनला."

"साक्षीदार तुम्हीच होता ना?"

"होतो ना जी. दोन्ही येळा होतो."

चार वाजायच्या आत सगळे तुकडे काढून डब्यात भर, अशी मुलीला आज्ञा देऊन मी टेबलाशी बसलो आणि कंपनीला बारावे पत्र लिहू लागलो, कारण झालेला प्रकार लपवणे मला शक्य नव्हते. मुलगी रडली नाही. ती ओसरीत बसली आणि आईच्या केसातल्या आकड्याने एकेक खडा उचकटून डब्यात टाकू लागली. टक्. मग थोड्या वेळाने पुन्हा टक्. 'महाशय' एवढे लिहून मी थांबलो होतो. आकड्याने लाल कापड फाटल्याचा बारीक आवाज आला आणि तिने ती फाटलेली जागा बोटाने सारखी केली, हे मी टेबलावरून पाहिले. पुढच्या आवाजापूर्वी मी टाक खाली ठेवला.

"राहू दे," मी म्हणालो. "पुरावा जसा आहे तसाच दाखवू. काढलेले तुकडे परत लाव."

"अन् त्याईनं मोटारीचे पैसे नाई देल्ले तं?"

"तर मी आगगाडीने जाईन."

 तिने सरसाची वाटी पदराआडच्या खजिन्यासारखी पाटाखालून काढली. म्हणजे आपल्या बापाचा निकाल काय लागणार याचा तिला अंदाज असावा.

सर्व्हेअर बडनेरा स्टेशनाहून टांग्याने आला. किडकिडीत, छत्री आणि चामडी पिशवी घेतलेला अकोल्याचा गृहस्थ. मला पाहताच तो म्हणाला, "थे पत्रं तुमीच लिवता काय जी? आमच्या हापिसात मोठ्यानं वाचून दाखवतेत!"

मी त्याला मोटार दाखवली आणि मग घडलेली हकिगत, ज्वारीसकट, सांगितली. मोहोर तुटल्याचे मी स्वतः कबूल करतो, हेही सांगितले. बैल पाटावर मांडला होता. तो गृहस्थ धोतर सावरून त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि चश्मा कपाळावर सरकवून एकेक खडा पाहू लागला.

"बाई," त्याने मुलीला विचारले, "एका तुकड्यावर बारीक अक्षरं असतीन. कारखान्याचा छाप. थो कुठी हाय?"

तिने बैलाच्या कपाळावर बोट ठेवले. "थो लय चांगला होता. म्हनून बाशिंगाखाली लावला."

त्याने छाप वाचला आणि पॉलिसीवरल्या गाडीच्या नोंदीशी ताडून पाहिला. मग कडांवर बोट फिरवले. "कोरी फूट हाय. जुना तडा कुठीच नाई. तुमचं खरं हाय वकीलसायेब." त्याने कागद काढून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि मला वाचायला दिल्या. अवशेष समक्ष पाहिले. काच मूळचीच असल्याची खात्री झाली. भंगार म्हणून किंमत शून्य असल्यामुळे ताब्यात घेण्याची आवश्यकता नाही.

त्यानंतर खिशातून आठ आणे काढून त्याने माझ्या मुलीच्या हातावर ठेवले.

मी उठून उभा राहिलो. दावेदाराच्या कुटुंबीयांना सर्व्हेअरने पैसे देणे सर्वथा गैर असल्याचे मी त्याला सांगितले आणि त्याची नोंद अहवालात व्हावी अशी मागणी केली.

"बैलापुढं बसलो तं बोजारा द्याच लागते," तो पिशवी बंद करत म्हणाला. "ह्यो कायदा तुमच्या पुस्तकात नसन सायेब. माह्या मायनं शिकोला मले."

पाच वाजता माझी मुलगी रांगेत उभी राहिली. बक्षीस तिला मिळाले नाही. ते एका नव्या, तीन फुटी बैलाला मिळाले. पण उतरत्या उन्हात तिच्या बैलाकडे पाहायला माणसे थांबत होती आणि बकरी हा शब्द कोणी काढला नाही. मी मैदानाच्या कडेला उभा राहून त्याची खात्री करून घेतली होती.

घरी आल्यावर बोजाऱ्याची चिल्लर मोजता मोजता तिने विचारले, "बाबा, त्या काकानं काय लिवलं?"

मी लेकराशीसुद्धा खोटे बोलत नसे. "दावा योग्य आहे, असे लिहिले."

"अन् माह्या बैलाचं?"

"अवशेषांची किंमत शून्य."

"शून्य?" ती म्हणाली. चिल्लर तशीच ठेवून तिने बैल जवळ ओढला आणि झुलीची ती फाटलेली जागा पुन्हा बोटाने सारखी केली.

दुसऱ्या दिवशी मी मुनशींना कंपनीच्या पत्राचा मजकूर सांगू लागलो. आपल्या सर्व्हेअरने केलेले मूल्यमापन मला अमान्य आहे. सदर अवशेष आज एका वस्तूचा भाग असून त्यांना शून्य किंमत लावणे हे वस्तुस्थितीस धरून नाही. मुनशींनी कागदावरून लेखणी उचलली.

"सायेब, त्या मानसानं आपल्यावर उपकार केला. आता काहून खोदून राह्यले? किंमत हाय म्हनलं का थे पैसे कापतीन ना!"

"कापू द्या. शून्य हे खोटे आहे."

तीन आठवड्यांनी उत्तर आले. दावा मंजूर झाला होता. माझ्या हरकतीचा विचार करून अवशेषांची किंमत पाच रुपये धरण्यात येत आहे, ते माझ्याकडेच राहतील आणि ती रक्कम भरपाईतून वजा करण्यात येत आहे, असे खाली लिहिले होते. मी ते पत्र मुलीला मराठीत वाचून दाखवले. तिने ते दोनदा वाचायला लावले आणि मग मागून घेतले.

विमा कंपन्यांविषयी माझे मत आजही वाईट आहे. मोटार केव्हाच विकली. मुलगी आता स्वतः संसाराला लागली आहे. तिच्याकडे तो बैल आहे, जुन्या सरसाने काचा थोड्या पिवळ्या दिसतात आणि पत्र घडी करून बैलाच्या चाकांच्या फळीखाली चिकटवलेले आहे. पाच रुपये ही रक्कम मला त्या वेळीही फार कमी वाटली होती आणि तसे मी कंपनीला सकारण कळवले होते. त्या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही.