फिलूमावशी प्रश्न घेऊन बाजारात जायची

बसचा ड्रायव्हर आमच्या गल्लीत पायी चालत आला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. बस सोडून तो कशाला येईल... मी ओट्यापाशी होते, कुकर लावलेला, अवनी खाली बसून शिट्ट्या मोजत होती कारण तोच आमचा गणिताचा तास, आणि धाकट्या ओमने डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलेला. ड्रायव्हरने मावशीची टोपली दारात ठेवली. अळूची पानं तशीच, सोनचाफ्याच्या पुड्या तशाच. म्हणाला, "मावशी स्टॉपवरच खाली बसली. आम्ही लगेच दवाखान्यात नेली, पण..." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, अवनी म्हणाली, "चार," आणि मग ती गप्पच झाली. महिना उलटून गेला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही, भांडी घासताना मध्येच उठते, कपडे वाळत घालताना मध्येच आत येते, म्हणून म्हटलं लिहून तरी बघू.

फिलूमावशी आमची घरमालकीण. भुईगावला तिच्या वाडीच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तीन वर्षं राहतो. तिचा नवरा कधीच वारला, मुलगा कॅनडाला. ती एकटी, पण एकटी कधी दिसली नाही. सकाळी केळी, अळू, वालाच्या शेंगा, चाफा, जे असेल ते टोपलीत भरून बसने स्टेशनच्या बाजारात जायची आणि दुपारी जेवायला घरी. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचे. एक दिवस म्हणाली, "ए पोरी, तू मला तुम्ही म्हनतेस तेव्हा फादरच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटतं. सोड ते." तेव्हापासून तू.

अवनी पहिलीत होती तेव्हा रोज सकाळी शाळेच्या रिक्षात ओकायची. रोज. मी तिच्या दप्तरात जास्तीचा युनिफॉर्म ठेवायचे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ही वर्गात तोंडच उघडत नाही, घरी कोणी मारतं का हिला? मी तिथे रडले आणि घरी येऊन ह्यांना म्हटलं, आपण हिला काही दिवस घरीच शिकवू. मोबाईलवर बघितलेलं, होमस्कूलिंग म्हणतात. त्या व्हिडिओंत शिकवणाऱ्या बायकांच्या भिंतीवर नकाशे, टेबलावर रंग, मुलं गालात हसतायत. हे वालीवला पॅकिंगच्या कारखान्यात आहेत, बारा-बारा तास उभं राहून येतात. म्हणाले, "एक वर्ष. पुढच्या जूनला शाळा. आणि शिकवणार कोण?" मी म्हटलं, मी. बोलून गेले आणि मागाहून घाबरले. कारण माझं शिक्षण आठवी. माहेर चांदीप, हायस्कूल लांब, त्यात आई आजारी पडली, संपलं. मी मग काय करायचे, दुपारी दोघं झोपली की दुसऱ्या दिवशीचा धडा आधी स्वतः वाचायचे. बोट ठेवून, दोन-दोनदा. आणि सकाळी शिकवायला बसले की गल्लीकडची खिडकी लावून घ्यायचे. आठवी शिकलेली बाई पोरीला घरी बसवून शिकवते, हे कोणी ऐकू नये म्हणून.

पुस्तकातलं मी कसंतरी निभवायचे. पण अवनी पुस्तकाबाहेरचं विचारायची. शाळेत एक अक्षर न बोलणारी पोर घरी थांबायचीच नाही. आई, पाल भिंतीवरून पडत का नाही? आई, चंद्र आपल्याबरोबर का चालतो? मला माहीत नाही असं म्हटलं तर तिला कळेल ना, की आईला काहीच येत नाही... मग मी ओरडायचे. "पुस्तकात आहे तेवढंच विचार!" एकदा हातावर फटका पण मारला, खोटं कशाला सांगू. चंद्राचाच दिवस होता तो. आणि बाहेरून खिडकीवर थाप पडली. "काय गं, ऐन उन्हाळ्यात खिडकी बंद? आत भूत पकडून ठेवलंयस काय?" मी उघडली. मावशी केळीच्या पानांचा भारा घेऊन उभी. तिने सगळं ऐकलेलं. माझ्याकडे बघितलंच नाही, अवनीला म्हणाली, "चंद्राचं ना? आज नाय, उद्या सांगते. आज मला टोपली भरायचीय."

दुसऱ्या दिवशी जेवून झाल्यावर खरंच आली. दाराबाहेरच्या ओट्यावर बसली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "बसच्या खिडकीतून बघ. जवळचं झाड कसं पळतं मागं? आणि लांबचा डोंगर? तो हळूहळू जातो. आता चंद्र तर डोंगराच्या कितीतरी पल्याड. तो मागं पडतच नाय, म्हनून वाटतं बरोबर चालतो." मी आतून ऐकत होते, हातात पीठ. मला पण तेव्हाच कळलं ते. त्या रविवारी रात्री हे अवनीला बाईकवर मागे बसवून समुद्रापर्यंत घेऊन गेले आणि आल्यावर म्हणाले, "अगं खरंच, येतो तो बरोबर." ह्यांना कधी मी असं हरखलेलं बघितलं नव्हतं.

मग रोजचंच झालं. प्रश्न आला की मावशी म्हणायची, उद्या सांगते. मला वाटायचं, केवढी हुशार बाई, सगळं माहीत आहे, पोरीला मुद्दाम विचार करायला एक दिवस देते. केळ्यात बी कुठे असते, या प्रश्नाचं मात्र तिने तसंच केलेलं. केळं उभं चिरून अवनीच्या हातात दिलं आणि दिवसभर शोध म्हणाली, संध्याकाळी हिला मधले ते काळे ठिपके सापडले. ओमने तेवढ्यात अर्धं केळं खाल्लं, तर मावशी म्हणते, "घ्या, परीक्षेचा पेपरच खाल्ला." मी खिडकी उघडी ठेवायला लागले. भीती गेली नव्हती. पण मावशी आहे म्हणजे बिघडलं तरी फार बिघडणार नाही, असं वाटायचं.

आणि मग बटाटा. अवनीने विचारलं, बटाटा म्हणजे झाडाचं मूळ का? दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, हो, मूळ. आणि चार दिवसांनी मी धडा वाचते तर त्यात चक्क लिहिलेलं, बटाटा हे खोड आहे. मी ते पान उलटणारच होते. मावशीला खोटं कसं पाडायचं, घरमालकीण आहे, मोठी आहे... पण अवनीने वाचलं आणि धावली. "मावशी, तू चुकलीस! ते मूळ नाही!" मी मागे पळाले, आता ही काय म्हणेल. मावशीने पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, हळूहळू वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसली की तिची कोंबडी उडाली. "मी नाय चुकले गं, तो बटाटेवाला चुकला! मला त्यानंच सांगितलं." मग कळलं. ती रोज प्रश्न घेऊन बाजारात जायची. चंद्राचं तिला बसच्या ड्रायव्हरने सांगितलेलं. ओहोटीला समुद्राचं पाणी कुठे जातं, ते कोळणीने. पालीचं औषधाच्या दुकानातल्या पोरीने मोबाईलमध्ये बघून. जो प्रश्न ज्याला जमेल त्याला विचारायची, आणि स्वतःला येत नाही हे सांगताना तिला काही वाटायचंच नाही. "माझी चौथी पन पुरी नाय झाली," मला म्हणाली, "तू आठवी शिकलीस तर घाबरतेस कशाला?" मी तिला माझं शिक्षण कधी सांगितलंच नव्हतं. तिला कसं कळलं, मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती अवनीला बाजारात घेऊन गेली. मी ओमला कडेवर घेऊन मागे. बटाटेवाला म्हातारा, गोणीवर बसलेला. मावशी म्हणाली, "ए भाऊ, ही बघ, हिनं तुझी चूक काढलीय. बोल गं." ही शाळेत बोलत नाही, बाजारात काय बोलेल. अवनीने एक बटाटा उचलला, त्याच्या डोळ्यांवर बोट ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "ह्याला डोळे आहेत. डोळ्यातून फांदी येते. मुळाला डोळे नसतात. म्हणून हे खोड." म्हाताऱ्याने बटाटा फिरवून फिरवून बघितला. "च्यायला," म्हणाला, "बटाटे विकून केस पिकले, कोनी सांगितलं नाय मला." आजूबाजूच्या बायका हसल्या. अवनी पण हसली. ओकली नाही, लपली नाही. येताना बसमध्ये बडबडतच होती आणि मावशी माझ्या कानात म्हणाली, "हिला बोलता येतं. चूक झाली तर कोनी खानार नाय, एवढंच हिला कळायला पायजे. आनि तुला पन."

ती गेल्यावर मातीला बाजारातली किती माणसं आली होती. एकेक जण अवनीकडे बघायचा आणि म्हणायचा, हीच काय ती प्रश्नवाली? तिच्या तोंडून शब्द नाही. घरी पण नाही. धडा वाच म्हटलं की वाचायची, गणित घाल म्हटलं की घालायची. माझ्याच मनासारखी झाली, पुस्तकातलं तेवढंच. आणि मला ते बघवेना. हे शाळेचा फॉर्म घेऊन आले. दोन दिवस तो फ्रिजवर तसाच. मग ह्यांनीच विचारलं, "अशी मुकी पोर शाळेत घालू, की घरी ठेवू? सांग ना काहीतरी." रात्रंदिवस तेच डोक्यात, शाळेत गेली तरी आणि घरी राहिली तरी, ही परत कधी काही विचारेल का...

मावशीच्या महिन्याच्या मिस्साला, तिच्यासाठी प्रार्थना असते तिला, आम्ही चर्चमध्ये गेलो. आम्ही हिंदू, मागच्या बाकावर बसलो, बाकीचे उठले की उठायचं. मध्येच अवनी माझ्या कानाशी लागली. "आई, मावशी माझ्यामुळे गेली ना?" मी म्हटलं, काय बोलतेस? तर म्हणाली, त्या दिवशी सकाळी टोपली उचलताना मी तिला विचारलं, कावळा तारेवर बसतो तर त्याला शॉक का लागत नाही. ती म्हणाली, तुझ्या या प्रश्नाला मला वायरमनच शोधावा लागेल. "तो शोधायला ती भराभर गेली असेल, म्हणून पडली." महिनाभर ही पोर हे पोटात घेऊन हिंडत होती. मी तिला बाहेर नेलं, चर्चच्या भिंतीपाशी बसवलं आणि सांगितलं की मावशीच्या छातीत आधीपासून दुखायचं, गोळ्या चालू होत्या, तिने कोणाला कळू दिलं नाही. हे खरं होतं, आम्हालाही ती गेल्यावरच कळलं. तिला पटलं की नाही कळलं नाही. तिने फक्त माझा पदर धरून ठेवला.

परवा गल्लीत लाईट गेली. पावसाच्या आधी तारांवर आलेल्या फांद्या तोडतात, त्यासाठी. वायरमन शिडीवर चढलेला, खाली चिकूच्या डहाळ्यांचा ढीग. मी खिडकीतून बघितलं आणि काय झालं मला, ओमला कडेवर घेतलं, अवनीचा हात धरला आणि बाहेर जाऊन शिडीजवळ उभी राहिले. गल्लीतल्या तीन-चार बायका बाहेरच होत्या, लाईट नाही म्हणून. मी वर बघून ओरडले, "दादा, कावळा तारेवर बसतो त्याला शॉक का लागत नाही?" तो थांबला. "कोण विचारतंय, मुलगी काय?" माझ्या ओठांवर आलेलं, हो, मुलगी. पण मी म्हटलं, "नाही, मी विचारते." एक बाई फिसकन हसली. हसू दे.

तो शिडीवरूनच म्हणाला, "वहिनी, त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. करंटला त्याच्यातून जायला वाटच नाही. एक पाय या तारेवर, दुसरा त्या तारेवर ठेवला ना, की खलास." आणि परत फांदीला कोयता लावला. मी वळले. अवनी वळली नाही. मान वर करून तारांकडे बघत राहिली, ओठ हलत होते पण आवाज नाही. मी तिचा हात ओढला नाही. ओम चुळबुळ करत होता, ऊन लागत होतं. आणि मग तिने विचारलं, एवढ्या मोठ्याने की तोडणारा हात वरच थांबला...

"मग वटवाघळं तारांवर का मरतात?"

वायरमन हसला. "ते तूच सांग. त्यांचे पंख केवढे असतात?" तिने तिथेच, डहाळ्यांच्या ढिगाशेजारी, दोन्ही हात पसरले. एका हाताकडे बघितलं, दुसऱ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आई, दोन तारांच्या मध्ये किती जागा असते?"

सगळ्या बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. विचार त्यांना."