खुर्चीतला मुराळी

निवृत्तीनंतर माणसाने बाग करावी, नाहीतर गप्प बसावं. मी पटकथालेखनाच्या वर्गात नाव घातलं. कोल्हापुरात तसंही प्रत्येकाला वाटतं की सिनेमा आपल्या रक्तात आहे. कुणाचा तरी मामा कधीतरी गर्दीच्या दृश्यात उभा राहिलेला असतो.

शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. मनातलं कॅमेऱ्याला दिसत नाही." मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

माझा विषय ठरलेला होता: बहिणीने तोडलेला भाऊ. धाकटी बहीण मलकापूरला दिलेली. आईवडील होते तोवर दर नागपंचमीला मी मुराळी होऊन तिला माहेरी आणायला जायचो. आई गेली तेव्हा ती चारचौघांत म्हणाली, दादानं दवाखान्यात न्यायला उशीर केला. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. त्यानंतर मी गेलो नाही आणि भावकीत सांगत राहिलो, "तीच येत नाही."

तर वर्गात मी पहिलं दृश्य वाचलं. भाऊ खुर्चीत बसलाय. मनात अपराधाचा वणवा पेटलाय.

"वणवा काढा. काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"खुर्चीत बसलाय."

"पुढच्या दृश्यात?"

"खुर्चीतच. पण दाढी वाढलीय."

मागून उचगावचा एक रिक्षावाला ओरडला, "आजोबा, हिरोला मूळव्याध तरी द्या, म्हंजे उठंल!"

वर्ग हसला. मीही हसलो आणि घरी येऊन त्याच खुर्चीत बसलो. इतकी वर्षं मी म्हणे पश्चात्ताप करत होतो. कॅमेरा लावला असता तर पेपर वाचणारा म्हातारा दिसला असता.

त्या आठवड्यात मलकापूरची एसटी धरली. बहीण उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती.

"या पावणं," ती म्हणाली.

"माहेरी चल म्हणायला आलोय."

"आत्ता व्हय? आई गेली त्या साली पंचमीला पिशवी भरून हितंच बसलेली मी. दुपारची एसटी गेली, सांजची गेली. मग सासूनंच पिशवी आत नेली."

"भावकीत मी सांगितलं की तूच..."

"ठावं हाय की. मलकापूर काय परदेशात हाय?" तिने शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं. "फोड. आज न्हाय यायची मी. आधी भावकीत खरं सांग, मग पंचमीला न्यायला ये, रीतीनं."

भावकीत घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. माझ्या थापेवर विश्वास ठेवणारा मी एकटाच निघालो.

पटकथा फाडून टाकली. कॅमेरा मी चुकीच्या घरात लावला होता. नवं पहिलं दृश्य असं: मलकापूर, उंबरा, दिवस. भरलेली पिशवी मांडीवर घेऊन एक बाई रस्त्याकडे बघतेय.

पंचमी आता जवळ आलीय. सकाळी स्टँडवर सोड, असं त्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय.

"हिरो उठला म्हणा की!" तो म्हणाला.

मी म्हटलं, "एसटीत बसल्यावर बोल."