रेडिओबाई आणि मुंग्यांचं चित्र

स्कॅन विभागात तिला सगळे रेडिओबाई म्हणत. एमआरआयचं मशीन चालवायची, आणि माणसाला आत सरकवेपर्यंत इतकं बोलायची की तो घाबरायचंच विसरे.

मेंदूतल्या पाण्याची हालचाल कुठे मंदावली, हे दाखवणारं एक चित्र त्या मशीनवर निघतं. पक्षाघाताचा घाव त्यात लवकर दिसतो. पण ते यायचं रवाळ, जुन्या टीव्हीवर मुंग्या याव्यात तसं. स्वच्छ हवं तर पुन्हा पुन्हा काढा, आणि तोवर माणसानं हलायचं नाही. आजाऱ्याला ते कसं जमणार?

विभागातल्या इंजिनिअर मुलीनं मुंग्या पुसणारा प्रोग्रॅम करायला घेतला. त्याला शिकवायला एकाच डोक्याची दोन चित्रं हवी होती, एक घाईतलं, एक सावकाश काढलेलं. म्हणजे धडधाकट माणसं आत बराच वेळ निपचित पडायला हवीत. रेडिओबाईनं हात वर केला.

घरी नवऱ्याला हसून हसून ठसका लागला. "तू? आणि गप्प?"

"मशीनला सांभाळा म्हणावं," सासरे म्हणाले.

नाकाला खाज सुटली, पण बाई हूं की चूं न करता पडून राहिली. तिच्यामागून इतरही पडले, आणि प्रोग्रॅम हळूहळू शिकला.

पुढे एका सकाळी सासऱ्यांच्या हातून कप निसटला. तोंड वाकडं झालं, शब्द अडखळू लागले. तिनं त्यांना तडक आणलं. मशीनमध्ये ते चुळबुळत राहिले.

"बाबा, थोडंच. मी इथेच आहे."

घाईतलं एक चित्र कसंबसं मिळालं. प्रोग्रॅमनं ते साफ केलं, तर एका बाजूला बारीकसा पांढरा ठिपका. डॉक्टरांनी मूळ चित्र शेजारी लावलं. "हा प्रोग्रॅम कधी नसलेलंही रंगवतो," ते म्हणाले. मुंग्यांतही त्याच जागी अंधूक डाग होता. लगेच उपचार सुरू झाले. बाई अजून मशीनपाशी उभीच होती.

"बसा," मुलीनं खुर्ची ओढली. "तो शिकला त्यात तुमचंही डोकं आहे."

बाई बसली. मुलीचा हात तिनं धरून ठेवला.

सासऱ्यांचं बोलणं परतलं, डावा हात जरा अधू राहिला. पहिल्यांदा बाहेर पडायचं ठरलं तेव्हा त्यांनी शर्टाची बटणं स्वतःच लावली, बऱ्याच वेळानं.

"त्या पोरीकडे ने मला," ते सुनेला म्हणाले. "मुंग्या मारणारी दिसते तरी कशी, बघू."